दोन सायकली आणि अळणावरचा रस्ता

मिरज स्टेशनवर माझी सायकल मालडब्यात चढवताना हमालानं तिला एका बाजूनं उचलून बघितलं आणि विचारलं, "बाई, हिला मोटर आहे काय?"

"नाही."

"मग एवढं गोधडीत गुंडाळून कशाला न्यायलाय?"

माझ्या आधी मनोहर बोलला. "अहो, गोधडी आमची आणि सायकल तिची. आमच्यापेक्षा तिला जास्त जपतात." मनोहर म्हणजे माझा नवरा. असल्या वाक्यांसाठी तो संधी शोधतच असतो. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भांडण घरी होऊन गेलं होतं आणि त्याचं फलित म्हणूनच आम्ही दोघं गाडीत बसत होतो.

झालं होतं असं. गेल्या वर्षी माझ्या सायकलपुढं कुत्रं आडवं आलं आणि मी डाव्या हातावर पडले. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, डॉक्टरांनी सायकल चालवायला हरकत नाही असंही सांगितलं. पण हातात पूर्वीचा जोर आला नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी अजून मनोहरकडून काढून घेते आणि दर वेळी तो माझ्याकडे असा बघतो की खटला आपण जिंकल्यासारखाच आहे. साठीला टेकलेल्या बाईनं रेसिंग सायकल चालवू नये, हा त्याचा खटला. शेवटी स्वयंपाकघरात तह झाला. धारवाडला शिकत असताना सुटीच्या दिवशी मी ज्या रस्त्यानं अळणावरला जाऊन यायचे, त्याच रस्त्यानं एकदा जाऊन यायचं. पडायचं नाही आणि न्यायला गाडी बोलवायची नाही. जमलं तर मनोहर या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. फोन केला तर सायकल ज्याला हवी त्याला देऊन टाकायची.

मी लगेच होय म्हटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र डाव्या हाताची मूठ मी कितीदा तरी आवळून बघितली, हे इथं लिहायला हरकत नाही.

बेळगाव मागं पडलं, लोंढ्याजवळ झाडी दाट झाली आणि थोड्या वेळानं अळणावर स्टेशन आलं. मी खिडकीतून वाकून बघितलं. फलाटावर दोन बायका भाताच्या पेंढ्यावर बसून शेंगा सोलत होत्या. इथून पुढं धारवाडपर्यंत गाडी चढ चढत जाते. पूर्वी हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. या खेपेला इंजिनाचा आवाज बदललेला मला स्पष्ट ऐकू आला. म्हणजे जाताना उतार आणि परत येताना चढ. मनोहर शांतपणे चिवडा खात होता.

आम्ही धारवाडला न उतरता पुढं हुबळीपर्यंत गेलो, कारण माझी भाची सुजाता कोप्पीकर रोडवरच्या एका ऑफिसात काम करते आणि तिची सायकल तिथंच होती. ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघींनी सायकलवर धारवाडला तिच्या खोलीवर जायचं आणि मनोहरनं सामान घेऊन चिगरी बसनं (हुबळी-धारवाडमधली वेगळ्या मार्गिकेतून धावणारी बस) यायचं, असं ठरलं होतं. दसरा तोंडावर आला होता. कोप्पीकर रोडवर झेंडूचे ढीग, केळीचे खुंट आणि बूदगुंबळ (कोहळे) यांच्यामधून माणसांना वाट काढावी लागत होती. त्या गर्दीतून सुजाता आपली सायकल एका हातात, पिशवी धरावी तशी, उचलून घेऊन आली.

"मावशी, धरून बघ."

मी धरली. वजन असं नव्हतंच. कार्बनची फ्रेम, काळी, चकाकी नसलेली. गिअरच्या तारा बाहेर कुठंच दिसत नव्हत्या. हँडलवरचं बटण बोटानं दाबलं की गिअर बदलतो. ब्रेकसाठी चाकाच्या मध्याशी पोलादी चकती आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारी छोटी गुटकी.

"एका बोटानं थांबते," सुजाता म्हणाली. मग माझ्या मनगटाकडे बघून तिनं हळूच जोडलं, "तुझ्यासाठी बरी आहे."

माझी सायकल तिच्याशेजारी उभी केली तर म्हातारी दिसायला हवी होती. तशी दिसली नाही. लाल रंग जागोजाग उडालाय, पण पोलादी नळ्या सडपातळ आहेत आणि पुढच्या नळीवर पितळी बिल्ला आहे. विद्यापीठाच्या संघात असताना एका सिनिअर मुलीकडून ती माझ्याकडे आली, तेव्हापासून माझीच. तिचे गिअर मात्र हँडलवर नाहीत. खालच्या तिरक्या नळीवर दोन लहान दांडे आहेत. मागचा गिअर बदलायचा तर उजवा हात हँडलवरून काढून खाली न्यावा लागतो, आणि तेवढा वेळ हँडल एकट्या डाव्या हाताच्या भरवशावर राहतं.

उणकल तळ्यापर्यंत मी माझ्या सायकलवर होते. पोलादी सायकलीला एक लवचीकपणा असतो. खड्ड्यातून गेलं की ती किंचित झुलते आणि पुन्हा सावरते. पण टायर अरुंद असल्यानं बारीक खडीची थरथर थेट मनगटात येत होती. ब्रेक दाबताना डाव्या हाताची चारही बोटं आवळावी लागत होती आणि तरी तो अर्धवटच लागत होता. तळ्याच्या काठाला थांबून आम्ही सायकली बदलल्या.

नव्या सायकलवर बसून पहिलं पायडल मारलं आणि मी हसले. मारलेला जोर कुठं वाया जातच नव्हता. टायर रुंद असल्यानं रस्ताही मऊ वाटत होता. बोट टेकवलं की टिक्, गिअर बदलला. अमरगोळच्या बाजार समितीसमोर कांद्याच्या गाड्यांनी अर्धा रस्ता अडवलेला, त्यात एक ट्रॅक्टर उलटा येत होता. मी एका बोटानं जागच्या जागी थांबले. मनगटाला कळलंसुद्धा नाही.

तिथंच आम्ही गिरमिट (मसाल्यात कालवलेले चुरमुरे) आणि मिरची भजी खाल्ली. सुजातानं भजं तोंडाकडे नेता नेता विचारलं, "मावशी, एक सांगू? मघाशी तू तुझ्या सायकलवर एकदासुद्धा गिअर बदलला नाहीस."

"सपाट रस्ता होता."

"सपाट नव्हता."

पोरीची नजर तिच्या आईवर गेलीय. मी खरं तेच सांगितलं. उजवा हात सोडायची भीती वाटते. डाव्यानं दगा दिला तर हँडल वळेल आणि मी पुन्हा रस्त्यावर. घरापाशी सराव करतानाही मी एकाच गिअरवर फिरत आले होते आणि हे मनोहरला ठाऊक नव्हतं.

"मग परवा तू नवीच घे," ती म्हणाली. "काकांनी कुठली सायकल ते सांगितलंय कुठं? तुझी मी चालवते."

मला ते पटलं. जिद्दीच्या बाबतीत मी सायकलीशी इमान राखत बसत नाही. जिंकायचं तर जी जिंकून देईल ती घ्यायची. नवलूर ओलांडून धारवाडात शिरेपर्यंत मी नव्या सायकलवरून उतरलेच नाही.

सुजाता सप्तापुरात विद्यापीठाजवळ माडीवर भाड्यानं राहते. घरमालकीण नीलक्का खालच्या मजल्यावर एकट्या असतात. आम्हाला बघताच त्यांनी, "बर्री, बर्री (या, या)! ऊटा आत्री (जेवण झालं का)?" म्हणून दारातच अडवलं आणि उत्तराची वाट न बघता ज्वारीची कडक रोट्टी, शेंगाची चटणी आणि भरली वांगी समोर ठेवली. मनोहर आमच्या कितीतरी आधी पोचून दुसऱ्या रोट्टीवर होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरांत यंत्रांची पूजा नसते. आमचा दसरा म्हणजे पांढरे कपडे, विहार आणि वंदना. सुजाता आणि मी सकाळीच विहारात झाडलोटीला गेलो, कारण दसऱ्याच्या संध्याकाळी तिथं कार्यक्रम होता. परत आलो तर अंगणात झेंडूच झेंडू. नीलक्का एका हातात तेलाची पितळी वाटी आणि दुसऱ्या हातात विभूतीचं ताट घेऊन फिरत होत्या. फाटकाच्या बिजागऱ्या, शिवणयंत्र, भाडेकरूंच्या स्कूटरी, पाण्याचा पंप, सगळ्यांना हार. आमच्या दोन्ही सायकली तर फुलांत बुडाल्या होत्या.

"कुणालाच सोडलं नाही बघा," नीलक्का खुशीत म्हणाल्या. "तुमच्यात करत नाहीत, ठाऊक ऐत्रि (आहे हो). पण अंगणात उभ्या आहेत, म्हणजे त्या पण आमच्याच की. सगळ्यांची पूजा चाललेली, दोघी बिचाऱ्या बिनफुलाच्या कशा दिसतील?"

माझ्या सायकलच्या पितळी बिल्ल्यावर विभूतीचे तीन पट्टे आणि मधोमध कुंकू होतं. इतक्या मायेनं केलेलं बघून मला भरून आलं. मी त्यांना नमस्कार केला.

दसऱ्याला उजाडायच्या सुमारास आम्ही निघालो. सुजातानं हार उतरवून नीलक्कांच्या तुळशीपाशी ठेवले आणि हाताला लागलेल्या फडक्यानं दोन्ही सायकली घाईघाईत पुसल्या. मनोहर फाटकापाशी उभा होता. फोन चार्ज करून आणला होता.

"गाडीवाल्याला सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "फक्त एक रिंग दे."

"चहा पी आणि झोप," मी म्हटलं.

केलगेरी तळ्यावर धुकं होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हैस धूत होतं, त्याचा आवाज पाण्यावरून येत होता. वळणावर ब्रेक दाबला तेव्हा नव्या सायकलनं बारीक शिटी मारली. "दव असेल," सुजाता मागून म्हणाली. पुढच्या वळणावर शिटी मोठी झाली. मी कान दिला नाही, कारण सायकल अशी काही पळत होती की कॉलेजातसुद्धा मी एवढ्या वेगात गेले नसेन. शहर संपलं, दोन्हीकडे मका आणि सोयाबीन, मध्ये भाताचे हिरवे तुकडे. माझी जुनी सायकल घेऊन सुजाता बरीच मागं राहिली होती आणि खालच्या दांड्यांशी झटापट करताना तिचा ओरडा ऐकू येत होता, "अगं, हिचा गिअर सापडतच नाही! मध्येच कुठंतरी असतो!"

एक मोठा उतार आला. उताराच्या पायथ्याशी एक वस्ती होती आणि रस्त्याचा निम्मा भाग सोयाबीन पसरून झाकला होता. गाड्यांच्या चाकांखाली मळणी आपोआप होते म्हणून इकडं तसं करतात. त्याच वेळी एक बैलगाडी उरलेल्या निम्म्या रस्त्यावर आली. मी एक बोट ब्रेकवर ठेवलं.

सायकल किंचाळली. थांबली मात्र नाही.

सगळी बोटं आवळली. किंचाळी वाढली, वेग जेमतेम कमी झाला. बैलगाडीवाला हात हलवत होता. मग डोकं चाललं तेवढं चाललं. मी हँडल सोयाबीनकडे वळवलं. पसरलेल्या शेंगांत चाक रुतत गेलं, वेग मोडला, आणि कडेला लावलेल्या भुसकटाच्या ढिगात सायकल पोटापर्यंत घुसली. मी सीटवरून सरकून ढिगावर टेकले.

वस्तीवरची एक बाई हातातलं सूप टाकून पळत आली. "अगो बाई! पडलासा काय वो?"

"पडले नाही," मी भुसकट थुंकत म्हटलं. "बसले."

"ते काय वेगळं असतंय?"

"आमच्या घरात फार वेगळं असतंय."

बाई मराठीच होती. पार्वतीबाई तिचं नाव. तिच्या सोयाबीनची मी नासाडी केली म्हणून माफी मागितली तर हसत सुटली. "आता कुणीबी तुडवायचंच की त्याला. तुम्ही जरा जास्त तुडवलासा." तेवढ्यात सुजाता पोचली. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. मला कुठं लागलं नाही याची खात्री झाल्यावर तिनं सायकल उलटी केली, चकतीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"शेंगदाण्याचं तेल."

चकतीच्या भोकांमध्ये कुंकवाचे कण अडकले होते. दोन्ही चाकांच्या चकत्यांना तेल, आणि सकाळच्या फडक्यानं सुजातानं ते आणखी नीट सगळीकडे पसरवलेलं. ब्रेकची गुटकी तेल पिऊन बसली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग हसायला लागलो, ते थांबेचना. पार्वतीबाईला काही कळेना, पण तीही हसत होती.

हसू ओसरल्यावर सुजातानं फोन काढला. "मावशी, काकांना सांगते. ही तुझी चूक नाही. हा फोन तहात धरायचाच नाही."

"तो धरेल."

"मग परत फिरू. परत जाताना चढच आहे, ब्रेकची फारशी गरज नाही."

"अळणावर राहिलं की."

"या ब्रेकनं पुढचा उतार? मी तुला जाऊ देणार नाही."

"या सायकलनं नाही जात," मी म्हटलं आणि माझ्या लाल सायकलकडे बघितलं. रिमला धरणारे तिचे रबरी ठोकळे. त्यांच्यावर नीलक्कांची फुलं पडली असतील, पण तेल लागलं नव्हतं. सुजातानं तिचं हँडल माझ्या हातात दिलं. माझ्याकडे जिद्द किती आहे हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं असणार.

तिला पार्वतीबाईकडे सोडून मी एकटी निघाले.

उतारावर माझ्याजवळ थांबवणारा ब्रेक नव्हता, हळू करणारा होता. उजवा चांगला लागत होता, डावा निम्मा. म्हणून मी लांबवर बघायला लागले. वळण दिसलं की तिथं पोचायच्या कितीतरी आधी वेग कमी करायचा. गुरं दिसली की आधीच कडेला व्हायचं. नव्या सायकलवर मी शेवटच्या क्षणापर्यंत बिनधास्त होते आणि ढिगात गेले होते. दोष त्या सायकलचा नव्हता, तिचा ब्रेक धड असता तर ती थांबलीच असती. पण माझी नजर हँडलच्या पुढं चार हात असायची, ती आता रस्त्याच्या टोकाला गेली. विशीत याच सायकलनं मला हे शिकवलं होतं. मध्ये कधी विसरले ते कळलं नाही. एकाच गिअरवर, पाय न फिरवता पायडलवर नुसते ठेवून, मी झाडीतून खाली उतरले आणि अळणावरात शिरले.

स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर बसले. टपरीवालीनं चहा ओतता ओतता माझ्या अंगावरचं भुसकट बघितलं.

"कुठनं आलासा?"

"धारवाडहून. सायकलवर."

"आणि मळणी करून?"

"वाटेत थोडी केली."

तिनं चहाबरोबर एक खारी आपणहून पुढं केली. मी डाव्या हातानं कप धरला. आतापर्यंत उतार होता, उतारावर एका गिअरवर निभलं. आता चढ. जुन्या सायकलचा सर्वांत हलका गिअरसुद्धा फार हलका नाही, आणि ज्या गिअरवर मी होते त्यावर तो चढ या वयात होणं शक्यच नव्हतं. उतरून सायकल ढकलत न्यायची, नाहीतर उजवा हात सोडायचा. ढकलत नेणं तहात बसत होतं की नाही, कोण जाणे. माझ्यात ते बसत नव्हतं.

गावाबाहेर चढ सुरू झाला. पहिल्यांदा मी तसंच रेटलं. मांड्या पेटल्या, सायकल डुगडुगायला लागली. मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही, बघून घेतलं. डाव्या मुठीत हँडल धरलं. मनगटात कळ आली. मी मोठ्यानं म्हटलं, "धर." कुणाला म्हटलं ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. उजवा हात सोडला आणि खाली नेला. दांडा बोटांना लागला. हँडल किंचित डावीकडे गेलं आणि पुन्हा मधे आलं. दांडा ओढला. साखळी खडखडली, जागा सापडेना. घाई न करता थोडा परत ढकलला. खडखड थांबली. पायांखालचं ओझं एकदम उतरलं.

उजवा हात परत हँडलवर आला तेव्हा मी रडत होते. थकल्यामुळं नाही. वर्षभर ज्या हाताला मी आजारी पोरासारखं सगळ्यातून वगळत आले होते, त्यानं मला एकट्यानं धरलं होतं. नव्या सायकलवर मला हे कधी कळलंच नसतं, कारण ती त्या हाताला काही विचारतच नाही. त्या चढावर मग मी गरज नसतानाही गिअर बदलत राहिले. वर, खाली, पुन्हा वर. कुणी बघितलं असतं तर बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हटलं असतं.

वस्तीवर पोचले तोवर सुजातानं स्वतःजवळच्या छोट्या किल्लीनं ब्रेकची गुटकी काढून दगडावर घासली होती, चकत्या सॅनिटायझरनं आणि साबणाच्या गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा पुसल्या होत्या. पार्वतीबाईनं भाकरी, पिठलं आणि ताजं ताक दिलं. जेवून उठले तर माझे पाय उभे राहायला तयार नव्हते.

"आता ही घे," सुजातानं नवी सायकल पुढं केली. "ब्रेक रडतोय, पण धरतोय. मी तपासलाय. आणि चढावर हिच्यासारखी नाही."

मी मुकाट्यानं घेतली. ते खरंच होतं. तिच्यात असे हलके गिअर आहेत की बसल्या बसल्या, गप्पा मारत चढ जातो. माझ्या लाल सायकलवर राहिले असते तर त्या शेवटच्या चढावर मनोहरला रिंग गेली असती. सुजाता उभी राहून पायडल मारत, धापा टाकत माझ्यापुढं गेली. केलगेरीला मी म्हटलं, "दे आता माझी मला." ती म्हणाली, "थांब की, आत्ता कुठं गिअर सापडायला लागलेत," आणि निघून गेली.

सप्तापुरात मनोहर फाटकापाशीच होता. फोन हातात. त्यानं आधी मला खालून वर बघितलं, मग सायकलला, मग पुन्हा मला.

"पडलीस?"

"बसले."

तो जवळ आला. माझ्या केसांतलं सोयाबीनचं भुसकट काढून त्यानं हातावर घेतलं, बघितलं. मी त्याला सगळं सांगितलं, भुसकटापासून त्या चढापर्यंत, आणि घराजवळ एकाच गिअरवर फिरत होते तेही. तो बराच वेळ भुसकट निवडत राहिला. फोन त्यानं खिशात टाकला.

संध्याकाळी विहारातून परतलो तर नीलक्का बन्नीची (शमीची) पानं घेऊन वाट बघत होत्या. इकडं दसऱ्याला बन्नी देतात आणि एकमेकांना म्हणतात, "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोण (बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू)." त्यांनी माझ्या हातावर पानं ठेवली आणि म्हणाल्या, "काल पूजा केली म्हणून सुखरूप आलात बघा! तुमच्या जुन्या सायकलचं कपाळ लगेच सापडलं मला. नव्या सायकलला कपाळच नाही हो! सगळी काळी. शेवटी चाकात ती चमकणारी तबकडी दिसली. म्हटलं, हेच असणार. तिथंच तेल, कुंकू, सगळं लावलं. कोरडी पडली होती बिचारी."

सुजातानं तोंडावर ओढणी धरली. मनोहर घाईघाईनं आकाशाकडे बघायला लागला. मी नीलक्कांचे हात धरले आणि म्हटलं, "तुमच्यामुळंच, नीलक्का." त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी तेल लावलं नसतं तर मी दिवसभर नव्या सायकलवर बसून अळणावरला जाऊन आले असते, पैज जिंकले असते आणि डाव्या हाताला घाबरतच मिरजेला परतले असते.

सकाळी निघण्यापूर्वी सुजातानं एक काम केलं. आपल्या सायकलच्या पुढच्या काळ्या नळीवर तिनं गोल, पितळी रंगाचं एक स्टिकर लावलं आणि नीलक्कांना बोलावून दाखवलं. "हे बघा, नीलक्का. हिचं कपाळ इथं आहे. पुढच्या वर्षी इथंच लावा." नीलक्कांनी वाकून बघितलं, समाधानानं मान हलवली आणि लगेच बोटानं कुंकू लावून टाकलं.

गाडी धारवाडहून उतार उतरत अळणावरला आली तेव्हा मी मनोहरला तो चढ दाखवायचा प्रयत्न केला, पण रुळांवरून रस्ता दिसत नाही. तो म्हणाला, "मला दिसला." मग थोड्या वेळानं, "तुझ्या हातांना ती नवी बरी की जुनी?"

"चढाला नवी. उतारावर जुनी."

"म्हणजे आता घरात दोन सायकली."

"मी तसं म्हटलं नाही."

"अजून म्हटलं नाहीस," तो म्हणाला आणि चिवड्याचा पुडा माझ्यापुढं धरला.

मिरजेला हमालानं सायकल उतरवून दिली. मी गोधडी सोडली. बन्नीची पानं सुजातानं हँडलला बांधली होती, ती सुकली तरी तशीच होती. दर वेळी अशा प्रसंगी मनोहर सायकलसाठी टेंपो शोधतो आणि आम्हा दोघांना रिक्षात बसवतो. आजही तो रिक्षा घेऊन आला. सगळं सामान त्यानं आत ठेवलं, गोधडीची घडी करून मांडीवर घेतली आणि स्वतः बसला. मी शेजारी चढायला गेले तर त्यानं सीटवर हात आडवा ठेवला.

"तू सायकलवर पुढं हो," तो म्हणाला. "आणि पोचलीस की चहा टाक."